घोंगडीवरचा माणूस

निजामाच्या अमदानीत चकलांब्याच्या पंचांची बैठक पारावर भरे. मधोमध काळी घोंगडी अंथरलेली असे. बैठक चालवणारा तिच्यावर बसायचा, आणि तो कोण हे आधी ठरवावं लागे. ज्यानं विषय आणला तो बसायचा नाही. ज्याच्यापुढं सगळे पंच आपापली काठी ठेवतील तो. एकाची काठी कमी असली तरी चालत नसे. निवडलेल्यानं नको नको म्हणायचं आणि दोघांनी दंड धरून त्याला बसवायचं, अशी रीत होती. बसल्यावर त्याला स्वतःचं मत उरत नसे. नावं पुकारायची आणि ऐकायचं, एवढंच.

त्या उन्हाळ्यात चावडीच्या तुळईसाठी ओढ्याकाठचा लिंब तोडावा, असा विषय सुंदरराव पाटलांनी आणला. त्या लिंबाखाली पंचांतल्या आश्रुबाची तान्ही लेक पुरलेली होती. घरून निघताना त्याची बायको भिवराबाई त्याला म्हणाली होती, "आज तरी तोंड उघडा." तो वाटभर शब्द जुळवत आला होता.

"आश्रुबाच बसंल," पाटील म्हणाले. काठ्या पुढं आल्या.

"मला न्हाई जमायचं. खरंच न्हाई."

"आमचा बाप तर पाराच्या दगडाला मिठी मारून बसलता," शहादेव म्हणाला. सगळे हसले. त्यानं आणि राधाकिशननं आश्रुबाला अलगद उचलून घोंगडीवर ठेवलं.

मग सगळं लांब गेलं. ऊन पाण्यासारखं हलत होतं. माणसांचे ओठ हलत, आवाज मागून येई. पिवळी पानं गिरक्या घेत उतरत होती. ती इथल्या पिंपळाची की तिकडच्या लिंबाची, ते त्याला कळेना. कुणीतरी अंगाई म्हणत असल्यासारखं वाटलं. आपलाच आवाज त्याला ऐकू आला, "शहादेव."

"तोडा."

"राधाकिशन."

"तोडा."

"सटवा."

सटवा म्हातारा झाला होता. आश्रुबाच्या लेकीसाठी लिंबाखाली खड्डा त्यानंच खणला होता.

"आश्रुबा, मगाशी तू कावून न्हाई म्हनत हुतास?"

"घोंगडीवरल्याला इचारता येत न्हाई, सटवातात्या," पाटील म्हणाले.

"म्हंजी त्यो खरंच न्हाई म्हनत हुता," सटवा म्हणाला. त्यानं वाकून आपली काठी उचलून घेतली.

एक काठी कमी झाली, तसा आश्रुबा घोंगडीवरून खाली उतरला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"तिथं माझी लेक हाय," तो म्हणाला.

"कुठली लेक?" पाटलांनी विचारलं.

"नाव ठिवायच्या आधीच गेली."

पाटलांनी ओढ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुळईला माझ्या बांधावरचं झाड घ्या."

घरी भिवराबाईनं विचारलं, "काय बोललात?"

त्याला ते नीट सांगता आलं नाही.