एका वाफेवर तीन डबे

मित्रांनो, माझी शिट्टी तुम्ही रोज कुठल्या ना कुठल्या घरातून ऐकता. आज जरा माझं बोलणं ऐका. मी पाच लिटरचा कुकर. आता जुना झालोय. नाशिकला सिडकोत, पवननगरच्या बाजारामागे दोन खोल्यांचं एक घर आहे, तिथल्या ओट्यावर माझी जागा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमच्या गोल पत्र्यावर प्रेस दाबला गेला आणि माझं पोट तयार झालं. मग दांड्या लागल्या, झाकण आलं, झाकणात रबराची रिंग बसली, वर शिट्टी चढली. शिट्टीशेजारी एक छोटासा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. तो माझा राखणदार. शिट्टीची वाट कधी तुंबली, तर आत कोंडलेल्या वाफेला त्याने वाट करून द्यायची. त्याचं काम क्वचितच पडतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

देवळ्याहून एक गृहस्थ नाशिकच्या भांडीबाजारात आले होते. लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी मला उचलून बघितलं, टिचकी मारली आणि दुकानदाराला म्हणाले, "यावर नाव घालून द्या." दुकानदाराने थरथरत्या मशिनने माझ्या पोटावर अक्षरं कोरली, 'चि. छाया हिस सप्रेम भेट'. त्या दिवसापासून मी छायाचा झालो.

छायाचा नवरा सोमनाथ सातपूरच्या एका कंपनीत मशिनवर होता. घर लहान, पण दिवस बरे होते. रविवारी माझ्यात मटण शिजायचं आणि सोमनाथ तीनतीनदा स्वयंपाकघरात येऊन विचारायचा, "अजून किती शिट्ट्या?" पुढे निकिताचा जन्म झाला. तिचा पहिला मऊ भात मी शिजवला. छाया मला घासायची ती नुसती घासायची नाही. घासून झालं की झाकण खिडकीकडे धरायची आणि शिट्टीच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायची. मला तिचा तो एक बारीक केलेला डोळा दिसायचा. मला वाटायचं, आपल्याला इतकं निरखून बघणारं माणूस मिळणं हेसुद्धा नशीबच.

निकिता नववीत होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सोमनाथ भलत्याच वेळी घरी आला. खांद्याला डब्याची पिशवी, हातात कंपनीतल्या कपाटातले बूट आणि कपडे.

"अहो, आज लवकर?" छायाने विचारलं.

"कंपनी बंद झाली. गेटवर नोटीस लावलीय."

तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. मग म्हणाली, "जेवलात का?"

"डबा तसाच आहे."

तिने डबा उघडून ताटात काढला. "गरम करून देते."

"नको," सोमनाथ म्हणाला. "गॅस कशाला जाळतेस."

मित्रांनो, त्या घरात गॅसचा असा विचार पहिल्यांदाच कुणी बोलून दाखवला. त्या दिवसापासून छायाचा हात बदलला.

आधी मी वेगवेगळ्या वेळी गॅसवर चढायचो. कधी डाळीला, कधी बटाट्यांना. आता ती सकाळीच डाळ भिजत घालायची आणि तीन डबे एकावर एक रचायची. खाली डाळ, मध्ये भात, वर दुधी नाहीतर बटाटा. एका वाफेवर तिन्ही शिजायचं. दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. उरलेलं माझ्या पोटातल्या उष्णतेवर होऊ द्यायचं. तळाशी उरलेलं कोमट पाणी भांडी विसळायला जायचं. माहेराहून आलेले कांदे ती पलंगाखाली पसरून ठेवायची आणि दर आठवड्याला खालचे वर करायची, म्हणजे एक सडला तरी शेजारचा वाचतो. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात ती उन्हं उतरल्यावर जायची. भाजीवाल्यांना तेव्हा घरी जायची घाई असते.

या सगळ्यात रडगाणं नव्हतं. उलट तिला त्यात एक गंमत वाटू लागली होती. शेजारच्या मंगलाबाई एकदा कोथिंबीर मागायला आल्या आणि ओट्याजवळ थबकल्या.

"छाया, तुझा सिलिंडर संपतो तरी कधी गं?"

"संपतो की. पण त्याला सांगून ठेवलंय, घाई करू नको," छाया म्हणाली, आणि दोघी हसल्या. मीसुद्धा मनातल्या मनात एक शिट्टी वाजवली. मंगलाबाईंनी घरी जाऊन आपल्या कुकरमध्येही तीन डबे लावायला सुरुवात केली, आणि आपल्यामुळे गल्लीत दुसरा एक कुकर शहाणा झाला याचा मला अभिमान वाटला.

काही महिन्यांनी सोमनाथला सिन्नरच्या एका कारखान्यात काम मिळालं. पगार पहिल्यापेक्षा कमी, आणि रोज एसटीने जाऊन येऊन. तरी घर सावरलं. निकिता बारावी होऊन नर्सिंगच्या कॉलेजात गेली. तिची फी वेळेवर गेली, युनिफॉर्म आला, पांढरे बूट आले.

आता छायाने जरा हात सैल सोडायला हरकत नव्हती. पण सवय अशी सुटत नाही. घरासाठी शिकलेली काटकसर ती आता स्वतःवर करायला लागली. आणि ते फक्त मला दिसत होतं, कारण ते सगळं ओट्यावर घडायचं. दोघांचा चहा झाला की तीच पावडर पुन्हा उकळून ती आपला चहा करायची. दूध निकिताला आणि सोमनाथच्या दह्याला. भाताच्या डब्याला चिकटलेली शितं ती उभ्या उभ्या खायची आणि त्यालाच जेवण म्हणायची.

मग तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. डाळ निवडताना ती ताट लांब धरू लागली. सुई निकिताकडे द्यायची, "तुझी नजर तरुण आहे, ओवून दे," म्हणायची. आणि माझं झाकण खिडकीकडे धरणं तिने सोडून दिलं. भोक दिसतच नव्हतं, तर बघणार काय? ती त्यावर नुसती फुंकर मारायची.

त्याच सुमारास माझा व्हॉल्व्ह सैल झाला. त्यातून वाफ फुसफुसायची, शिट्टी लवकर व्हायची नाही, गॅस वाया जायचा. "हे बदलायला पाहिजे," ती स्वतःशी म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू." तोवर रोज पोळ्यांच्या कणकेचा एक गोळा ती त्या व्हॉल्व्हवर दाबून बसवायची. कणीक वाळून दगडासारखी व्हायची आणि वाफ थांबायची. पुढचा महिना आला की त्याचाही पुढचा महिना निघायचा. मला सगळं कळत होतं. पण कुकरला एकच आवाज दिलेला आहे, आणि तो आवाज लोक जेवण तयार झालं असा घेतात.

रविवारची सकाळ होती. डाळीचं एक साल शिट्टीच्या भोकात अडकलं होतं. छायाने फुंकर मारली, झाकण लावलं, कणीक दाबली. वाफ चढत गेली. शिट्टी होईना. माझं पोट ताणल्यासारखं झालं. "आज काय झालं याला," म्हणत ती गॅस बंद करायला वाकली, आणि त्याच क्षणी कणीक आणि व्हॉल्व्ह दोन्ही उडाले. उकळतं डाळीचं पाणी थेट तिच्या उजव्या हातावर आलं.

निकिता बाहेरच्या खोलीतून धावत आली. तिने आईचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. तोंडाने म्हणत होती, "मम्मी, काढू नको, हलू नको." सोमनाथ रिक्षा आणायला खाली पळाला. मी शेगडीवर तसाच होतो, छताला डाळ लागली होती.

ती दवाखान्यातून आली तेव्हा कोपरापर्यंत पट्टी होती. महिनाभर हात पाण्यात घालायचा नाही, विस्तवाजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोमनाथने मला उचलून दारापाशी ठेवलं.

"हा आजच भंगारात जाणार."

"त्याने काय केलं?" छाया म्हणाली. "व्हॉल्व्ह बदलायचा होता, तो मी बदलला नाही. भोक तुंबलं होतं, ते मला दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे?"

निकिता तिच्यासमोर खाली बसली. "मम्मी, किती दिवस झाले दिसत नाहीये तुला?"

"चष्म्याचं बघणारच होते मी. म्हटलं, तुझं कॉलेज एकदा सुरू होऊ दे."

"कॉलेज सुरू होऊन वर्ष झालं."

मला दारापासून उचलून निकिताने परत ओट्याखाली ठेवलं.

पुढचे काही दिवस मी ओट्याखालून बघत होतो. सोमनाथने घर हातात घेतलं. पवननगरच्या बाजारातून त्याने स्वस्त मिळाली म्हणून एवढी मेथी आणली, की अर्धी पिवळी पडून गेली. पातेल्यात डाळ शिजायला तास तास लागायचा आणि सिलिंडर महिन्याच्या मध्येच संपला. निकिताच्या बसचा पास काढायचा राहिला. कांद्यांचा वास येऊ लागला तेव्हा पलंगाखाली हात घालून तो म्हणाला, "हे असं कधीच झालं नव्हतं."

"दर आठवड्याला हलवायचे असतात," छाया स्टुलावर बसून म्हणाली.

"मला कुठे माहीत." तो ओट्यापाशी लसूण सोलायला बसला.

"तुम्ही कधी विचारलं कुठे."

ती रागाने म्हणाली नाही, पण तो लसूण सोलायचा थांबला. म्हणाला, "बरं, आता विचारतो. पगार येतो त्याचं तू काय काय करतेस, सांग मला. सगळं सांग."

छायाने डाव्या हाताचं एकेक बोट दुमडत सांगायला सुरुवात केली. निकिताची फी, पास, पुस्तकं. लाइट बिल. गॅस. दूध. किराणा. घराचं मेंटेनन्स. दिवाळीसाठी थोडं बाजूला. अडीअडचणीला थोडं बाजूला. "आणि तुमचा चहा-वडा," ती म्हणाली.

"माझा कसला चहा-वडा?"

"सिन्नरच्या स्टँडवर खाता ना संध्याकाळी. शर्टाला वास येतो. तो खर्च धरलाय मी. कामावरून सुटल्यावर माणसाला भूक लागतेच."

सोमनाथने लसणाची पुढची पाकळी हातात घेतली. त्याला वाटत होतं, ही गोष्ट घरात कुणाला ठाऊकच नाही. त्याने विचारलं, "आणि तुझं?"

"माझं वेगळं काय? मी तर घरातच असते."

सोमनाथने लसूण पूर्ण सोलला. सालं गोळा करून टाकली. मग हात धुताना पाठमोराच म्हणाला, "उद्या मी कामावर उशिरा जाणार. डोळे दाखवून येऊ."

"हात तर बरा होऊ दे."

"डोळे तपासायला हात कशाला लागतो?"

"मेथीने आणि गॅसने या महिन्याचं सगळं..."

"ते मी बघतो, छाया," तो म्हणाला. "तू एवढी वर्षं बघितलंस. थोडं मलाही बघू दे."

छायाला चष्मा आला. त्याच आठवड्यात निकिता मला पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. नवा व्हॉल्व्ह, नवी रिंग, नवी शिट्टी. इतके महिने टाळलेलं काम चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. घरी आल्यावर छायाने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा किती काळा पडलाय. मी याला स्वच्छ समजत होते." पट्टी सुटल्यावर तिने चिंच लावून मला असं घासलं, की माझ्या पोटावरची अक्षरं पुन्हा लख्ख झाली.

काटकसर त्या घरातून गेली नाही. जाऊही नये. आजही मी एका वाफेवर तीन डबे शिजवतो, आजही डाळ सकाळीच भिजते, कांदे आता सोमनाथ हलवतो. फक्त पगाराच्या दिवशी तिघं एकत्र बसतात आणि छायाचा वाटा आधी बाजूला निघतो. पहिल्या महिन्यात तिने तो घरखर्चात परत टाकला. निकिताने तो काढून पुन्हा तिच्या हातात दिला. दुसऱ्या महिन्यात तिने तो नुसता डब्यात जपून ठेवला. तिसऱ्या महिन्यात मंगलाबाई म्हणाल्या, "चल गं, रविवारी मिसळ खाऊन येऊ. गंगापूर रोडला सगळी दुनिया जाते, आपण काय पाप केलंय?"

त्या रविवारी स्वयंपाक सोमनाथ आणि निकिताने केला. डबे रचताना सोमनाथने विचारलं, "मम्मीचा भात धरायचा का?" निकिता म्हणाली, "धरा पप्पा. ती तिथेही अर्धीच प्लेट खाईल."

दुपारी छाया आली. चेहरा तिखटाने लाल, पदराला तर्रीचा एक डाग. सोमनाथने तिच्यासाठी ताट घेतलं, तर तिने हात आडवा धरला.

"मला नको. माझं पोट भरलंय."

मित्रांनो, हे वाक्य मी त्या घरात अनेकदा ऐकलं होतं. भात कमी पडला की ती हेच म्हणायची, आणि पानावरचे दोघं तिच्यावर विश्वास ठेवून जेवायचे. त्या दुपारी मात्र माझ्या मधल्या डब्यात तिच्या वाटणीचा भात शिल्लक होता, आणि तिचं पोट खरोखरच भरलेलं होतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. गॅस वाचवा, अन्न वाचवा, जुनी वस्तू नीट राखून वापरा, आणि तिची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर टाकू नका. आणि तुमच्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर कुणी म्हणालं, "माझं पोट भरलंय," तर हातातला घास खाली ठेवा, उठा, आणि झाकण काढून भांड्यात एकदा बघा.