खुलं शहर

नळी घालून कृत्रिम श्वासावर ठेवायचं की नाही, ते दुपारपर्यंत सांगा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. बाबांनी ऐकलं होतं. ऑक्सिजनच्या मास्कमागून ते माझ्याकडे बघत होते, वर्गात उत्तराची वाट बघावी तसे.

मी व्हरांड्यात जाऊन धाकट्या भावाला, मुकुलला, फोन लावला. डोंबिवलीहून निघून तो शीळफाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकला होता.

"ताई, लावू दे त्यांना काय लावायचं ते. विचारतेस काय?"

"बाबांशी बोलते आधी."

"पेशंटला कोण विचारतं अगं?"

बाबांनी हयातभर कोपरीच्या शाळेत इतिहास शिकवला. एकोणीसशे चाळीसचा फ्रान्स हा कर्णिक सरांचा गाजलेला तास. बाकं सरकवून ते सरहद्द उभी करायचे. जर्मनांकडे रणगाडे जास्त नव्हते, हे आधी सांगायचे. सगळी सरहद्द फोडायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. जिथून कोणी येणार नाही असं वाटत होतं, त्या जंगलातून आले, एका फटीतून घुसले आणि बाजू उघड्या टाकून थेट समुद्राकडे धावले. डोक्यावर विमानं. फ्रेंच सेनापती मोटारसायकलवरून हुकूम पाठवत होते, आणि हुकूम पोचेपर्यंत ती चौकी पडलेली असायची. मग सर कोणाला तरी उभं करायचे. तू सेनापती, काय करशील? उत्तर काहीही येवो, सर म्हणायचे, "उशीर झाला. बस खाली." वर्ग हसायचा. मीही त्या वर्गात होते. रस्त्यांवरून गाद्या, पोरं, म्हातारी माणसं घेऊन पळणाऱ्यांबद्दल सांगताना मात्र ते कोणाला हसू देत नसत.

दिवाळीनंतर बाबांच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. तिच्यावरचं औषध सुरू झालं तेव्हा आजार यकृतात पोचला होता. यकृताचा रिपोर्ट हातात आला त्या आठवड्यात त्यांना दम लागायला लागला. फायली घेऊन आम्ही कळव्याच्या हॉस्पिटलपर्यंत धावत होतो, आणि जिथे धावत होतो तिथून आजार केव्हाच पुढे गेलेला असायचा.

मी परत येऊन खाटेच्या कडेला बसले. बाबांनी मास्क थोडा बाजूला केला.

"मुकुल काय म्हणतो?"

"लावा म्हणतो. शीळफाट्याला अडकलाय."

"शीळफाट्यावरून सगळ्यांनाच लढावंसं वाटतं."

मला हसू आलं. त्यांनी श्वास जमवला.

"पॅरिसचं काय झालं?"

"पडलं."

"नीट सांग."

"खुलं शहर जाहीर केलं. इथे लढणार नाही म्हणून."

"का?"

"उरलंय ते शाबूत राहावं म्हणून. पण बाबा, वर्गात तुम्ही याला कच खाणं म्हणायचात."

"तेव्हा पस्तिशीचा होतो." ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. "अंतरा, अजून मला बोलता येतंय. नळी घातली की तेही जाईल. तेवढं राहू दे."

मी मास्क नीट बसवला आणि डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं. सही करताना मुकुलचा फोन वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. पण आदल्या दुपारी, सही झाल्यावर, मुकुल घामाघूम होऊन आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू कोण ठरवणारी?" बाबांनी त्याला बोटाने जवळ बोलावलं आणि स्वतःच्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला.

मुकुल खाली जाऊन रेझर आणि फेस घेऊन आला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मास्क काढायचा, थोडी दाढी करायची, पुन्हा मास्क लावून थांबायचं. बाबांची छाती वरखाली होणं जरा शांत झालं की तो मला न विचारता स्वतःच मास्क उचलायचा. एक गाल झाला. मग दुसरा.

"वर बघा, बाबा."

बाबांनी हनुवटी वर केली. मुकुलने डाव्या हाताने त्यांच्या गळ्याची सैल कातडी ताणून धरली आणि फार हलक्या हाताने पातं फिरवलं. कानामागे राहिलेला फेस त्याने स्वतःच्या रुमालाने टिपून घेतला.