मागची मूठ

मनुबाई मेली आणि घरातलं पीठ पुरेनासं झालं.

खाणारी तोंडं वाढली नव्हती. उलट एक कमी झालं होतं. कंट्रोलच्या दुकानातनं जोंधळा पहिल्याएवढाच मिळत होता आणि मष्णू मागावर पहिल्याएवढाच राबत होता. तरी शनवारचा बाजार उजाडायच्या आत पिठाचा डबा खडखडायला लागायचा. मष्णूनं ह्याचा एकच अर्थ काढला. बायको नालायक आहे.

"आई हुती तवा हेवढ्याच शिध्यात समदी ढेकर देत हुतो," तो पहिल्या घासालाच म्हणायचा. "तुझ्या हाताला भोक पडलंय, गुणा."

गुणाबाई पुढची भाकरी थापायची. तो खोटं सांगत नव्हता.

मनुबाईचा हात वडगावातल्या अख्ख्या विणकर गल्लीला ठाऊक होता. लढाई सुरू झाली, बाजार पेटला, गल्लीतली पोरं पेज पिऊन निजायला लागली. मनुबाईच्या चुलीवर मात्र रोज काहीतरी खमंग शिजत असायचं. हुलग्याचं माडगं, वर लसणाची फोडणी. ताकातल्या कण्या. बांधावर फुकट उगवलेला तांदुळजा खुडून त्याची भाजी. भोपळ्याची साल लोक म्हशीला घालायचे. ही तीच साल चिरून तीळ घालून परतायची, आणि पोरं बोटं चाटायची. एकदा शहरातल्या कॅम्पातनं कुणी वकिलीणबाई विणकरांच्या बायकांना काटकसर शिकवायला आली. तिनं मनुबाईला पुढं बसवलं आणि म्हणाली, "बघा, मनात असलं की थोडक्यातही उत्तम खाता येतं." बायकांनी माना डोलावल्या. बाई टांग्यातनं घरी तूपभात जेवायला गेली.

गल्लीत एक रीत होती. भाकरीला पीठ काढलं की त्यातली एक मूठ परत डब्यात टाकायची. तिला मागची मूठ म्हणत. अडीअडचणीला तेवढाच आधार. बाकीच्या घरांत ही मूठ चिमटीएवढी झाली होती, कुठं बंदच पडली होती. मनुबाईची मूठ मरेपर्यंत भरलेली राहिली. ती कुणाच्या ताटातनं निघते, हे कुणी विचारलं नाही. बाईला एकदा काटकसरी म्हटलं की पुढचं काही विचारायचं नसतं.

सगळ्यांचं झालं की ती शेवटी जेवायची, भिंतीकडं तोंड करून. आपली भाकरी शेवटाला, वेगळी थापायची, आपल्या वेगळ्या उलथन्यानं परतायची. त्या उलथन्याचं टोक तांब्यासारखं लाल झळकायचं. नात बेबी त्याला आज्जीचं सोन्याचं उलथनं म्हणायची. गुणाबाईला वाटायचं, म्हातारी पदराआड गुळाचा खडा चघळते. तूप लपवते. सासूच्या पाठीकडं बघत ती मनातल्या मनात शिव्या घालायची.

संक्रांतीनंतर मनुबाईचे डोळे पिवळे झाले. पोटात काही ठरेना. गल्ली म्हणाली कावीळ. झाडपाला दिला. शिमग्याच्या आधीच ती गेली.

आता निपाणीहून मष्णूच्या बहिणीचा, मालुबाईचा, निरोप आला होता. ती तंबाखूच्या वखारीत काड्या काढायला जायची. बेबी दहाची झाली होती, हात चालत होते. तिला पाठवून द्या, वखारीत लावते, तुमचं एक तोंड कमी. त्याच वखारीत मालुबाईची स्वतःची थोरली खोकून खोकून वाळली होती. हे निरोपात नव्हतं, पण गुणाबाईला ठाऊक होतं.

"शनवारपातूर पीठ पुरीव," मष्णू म्हणाला. "पुरलं तर ऱ्हाऊ दे हितंच. न्हाय पुरलं तर सोमवारी निपाणीच्या कोळशावरच्या मोटारीत बशिवतो."

"पोटची पोरगी हाय ती."

"म्हणूनच सांगतोय. हितं उपाशी मारू?"

त्या दिवशी गुणाबाईनं डब्यात हात घालून बघितला. पीठ जेमतेम चार दिवसांचं होतं. शनवार लांब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागाची खोली झाडायला गेली. कोपऱ्यात खळीचा डेरा होता. ताण्याच्या सुताला ताठपणा यावा म्हणून जी खळ शिजवतात, तिचं नाचण्याचं पीठ सावकार सुताबरोबरच द्यायचा. तिनं डेऱ्यावरचं फडकं सारखं केलं, तर आत पिठावर मूठ उमटली होती. चार बोटांची पेरं, बाजूला अंगठा. कुणीतरी मूठ भरून पीठ उचलावं तसा खळगा.

"कोण हात घालतंय रं ह्यात?" तिनं दोन्ही धाकट्यांना बडवलं. पोरं रडली, पण कबूल झाली नाहीत. तिनं पीठ हातानं सपाट केलं, डेऱ्याचं तोंड फडक्यानं बांधलं, गाठ मारली.

पुढच्या सकाळी गाठ तशीच होती. मूठ पुन्हा उमटली होती.

मागावर मष्णू नव्हता. घरात कुणी नव्हतं. अंगणात ऊन पडलं होतं, शेजारच्या घरातनं धोट्याचा खटखटाट येत होता, आणि गुणाबाईच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिनं आपली मूठ त्या खळग्यात ठेवून बघितली. खळगा मोठा होता. आणि करंगळीची खूण वाकडी, आत वळलेली. तसली करंगळी ह्या घरात एकाच बाईची होती.

"आत्ती?" ती म्हणाली.

सगळं तिच्या ध्यानात आलं. म्हातारीच्या हाताला बरकत नव्हती. सालपाल्याची कितीही चवदार भाजी केली तरी पोटाला भाकरी लागते, आणि भाकरीला पीठ. म्हातारी खळीतली मूठ उचलून आपली भाकरी भागवत होती, आणि आपल्या वाट्याचं जोंधळ्याचं पीठ मागची मूठ म्हणून डब्यात टाकत होती. त्यावर सगळं घर ढेकर देत होतं. आणि आपण तिच्या पाठीकडं बघून तूप शोधत होतो.

गुणाबाई थोडी रडली. मग तिनं त्याच खळग्यात हात घालून मूठ भरून घेतली.

नाचणं कडवट लागत होतं. जुनं असेल, खवट झालं असेल, असं तिला वाटलं. पोटात ढवळलं, पण भाकरी खाली गेली. तिच्या वाट्याचं जोंधळ्याचं पीठ डब्यात राहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. पोरांना चतकोर जास्ती मिळाली. तिनं माडगं केलं, वर लसूण. मष्णूनं भुरका मारला आणि चेहरा खुलला.

"आता कसं! आईचा हात आला बघ तुला."

गुणाबाईनं मान खाली घातली. तोंडात सारखं पाणी सुटत होतं. ती मोरीवर जाऊन ओकली आणि परत येऊन भांडी घासायला बसली. शेजारची शालूबाई कुंपणावरनं म्हणाली, "काय गं गुणा, तोंड का उतरलंय? कायतरी हाय म्हण की, नवीन?"

"तुमास्नी बरं सुचतंय, मावशी."

तिसऱ्या दिवशी कडूपणा मारायला तिनं एक उपाय काढला. सकाळीच खळीचं पीठ चिंचेच्या पाण्यात कालवलं, आपलं काळं लोखंडी उलथनं त्यातच उभं ठेवलं आणि पाण्याला गेली. आंबट वास खोलीत पसरला. हा वास तिच्या ओळखीचा होता. म्हातारी जेवायला बसली की हाच यायचा.

दुपारी सगळ्यांचं झालं. तिनं आपली भाकरी थापली, भाजली, घेऊन बसली. पहिला घास मोडला तेवढ्यात मागनं बेबी म्हणाली,

"आये, भिंतीकडं तोंड करून का बसलीस? आज्जीगत?"

गुणाबाईनं वर बघितलं. नाकासमोर भिंत होती. आपण कधी वळून बसलो हे तिला आठवेना. भिंतीच्या पोपड्यावर तेलकट डाग होता. रोज तिथंच कपाळ टेकून कुणीतरी जेवलं असावं, असा.

"गूळ हाय व्हय? मला बी दे की." बेबी खांद्यावरनं वाकली, भाकरीला हात घातला आणि एकदम ओरडली, "आये! तुझं बी सोन्याचं झालं!"

चुलीपाशी टेकवलेलं उलथनं टोकाला लालभडक झालं होतं. तांब्यासारखं. गुणाबाईनं उठून कोनाड्यातलं म्हातारीचं उलथनं काढलं आणि शेजारी धरलं. एकच रंग. मग तिला म्हातारीचे पिवळे डोळे दिसले. म्हातारीची मोरीवरची हिरवट ओकारी दिसली, जी तिनं स्वतः राख टाकून धुतली होती.

तिनं बेबीच्या हातातनं तुकडा एवढ्या जोरानं हिसकला की पोरगी आपटली.

"बाला बोलीव. पळ!"

मष्णू मागाच्या खड्ड्यातनं उठून आला. चिडला होता, हातात तुटलेला धागा होता. त्याची नजर उलथन्यावर गेली. नंतर भाकरीवर. तो उंबऱ्यावरच बसला.

"खळीचं पीठ खाल्लंस?"

"तीन दिस झालं."

"अगं, त्यात मोरचूद हाय, तांब्याचं ईख!"

"कुणी घातला?"

"सावकारानं. विणकरं खळ खात्यात, सुताला कमी पडती म्हणून. दसऱ्याला पीठ देताना त्याच्या माणसानं सांगितलतं. हासत हुता भाड्या. हात धुवत जा म्हणाला."

"आनि तुमी हात धुतलासा."

मष्णू तुटलेला धागा बोटाला गुंडाळायला लागला.

"दसऱ्यापासनं बघतीया मी," गुणाबाई म्हणाली. "खळ लावून आलासा की राखंनं कोपरापातूर हात घासतासा. मला वाटलं, मानूस सुधारला. घरात कुणाला सांगितलासा?"

"खळ कोण खाईल असं मला काय ठावं? माझ्या घरात समदी पोटभर..."

वाक्य तिथंच अडकलं. घरात समदी पोटभर कशी, हा प्रश्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला आणि उत्तर समोर कोनाड्यात होतं. गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला त्या पिठात काय आहे हे माहीत होतं. एकानंही घरी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे आपली बाई खळ खात असेल असं मानायचं, आणि असं मानलं की आपण पोसतो ही घमेंड गेली. त्यापेक्षा हात धुणं सोपं होतं.

"आई..." मष्णू म्हणाला.

"आईचा हात आलाय न्हवं मला? तुमीच म्हणालासा." गुणाबाईनं ती भाकरी त्याच्यापुढं ठेवली. "ह्यो बघा आईचा हात. ह्यात हुतं समदं."

त्यानं भाकरीला बोट लावलं नाही. मनगटानं डोळे पुसत राहिला.

"सोमवारी बेबी जानार न्हाय," ती म्हणाली. "डब्यात हाय तेवढ्याचंच करणार. मागची मूठ बंद. भाकऱ्या मोडून समद्यास्नी सारख्या. तुमास्नी बी अर्धीच. पोट भरलं न्हाय तर माझ्याकडं बघायचं न्हाय, दाराभाईर बघायचं, कुणामुळं भरलं न्हाय त्ये."

"बरं," मष्णू म्हणाला.

तिनं ती भाकरी राखेत पुरली, तवा मातीनं घासला आणि डब्यातलं जोंधळ्याचं पीठ मळलं. पहिली भाकरी चुलीवरनं उतरली तशी तिनं ती भिंतीपाशी ठेवली, त्या तेलकट डागाखाली. वर लसणीची चटणी. मग बाकीच्यांना अर्धी अर्धी वाढली. धाकट्यानं आणखी मागितली, त्याला नाही म्हणून सांगितलं. आणि सगळ्यांनी ऐकलं, भिंतीकडनं चघळल्याचा आवाज येत होता. सावकाश, दात नसलेल्या तोंडानं, कसलीही घाई नसल्यासारखा. बेबी आईला चिकटली. मष्णूनं मान वर केली नाही.

आवाज थांबला तेव्हा गुणाबाईनं वळून बघितलं. भाकरी होती तशीच होती, गार झालेली. तिनं ती पोरांना वाटून टाकली. चांगल्या पिठाची भाकरी वाया घालवायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मष्णूनं डेऱ्याचं फडकं सोडलं. पिठावर मूठ उमटली होती, करंगळी आत वळलेली. मग डेरा तसाच डोक्यावर घेतला, मूठ मोडू न देता, आणि गल्लीतनं चालत निघाला. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. तो प्रत्येकीला थांबून सांगत होता, "वैनी, खळीला हात लावू नका. मोरचूद हाय त्यात. आमची आई त्यानंच मेली." काही बायकांनी तोंडाला पदर लावला. शालूबाई मटकन खाली बसली.

सावकाराच्या ओट्यावर त्यानं डेरा ठेवला. तो हसणारा माणूस आतनं आला.

"काय रं मष्ण्या, पीठ परत आणलंस? मोजून घ्यायचं का?"

"घ्या की. हात घालून बघा."

त्या माणसानं वाकून आत बघितलं. हात घातला नाही.

"हे काय हाय?"

"आई हाय," मष्णू म्हणाला, आणि माघारी वळला. त्या हप्त्यात त्याला सूत मिळालं नाही.