एक्केचाळिसावा ठराव

लाइट गेली ती सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, अन् मी नेमकी त्याच मिनिटाले एक फाईल खोडून राहिली होती. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली आहे. नवी आणायचा ठराव मंडळात तीनदा पास झाला. बॅटरी काही आली नाई.

मंडळ म्हणजे आमचं दर्यापूरचं वऱ्हाड परिचय मंडळ. लग्नाच्या पोरापोरींची माहिती गोळा करायची, तिचं पुस्तक छापायचं अन् वर्षातून एकदा मेळावा भरवायचा, एवढं काम. मी आचल, तथली कॉम्प्युटर ऑपरेटर. वय तेहतीस. अध्यक्ष नत्थुजी हे माहे वडील. म्हणजे घरीबी तेच अध्यक्ष.

मंगळवारी सकाळी मशीन चालू केली तर ती सुरूच होईना, काळ्या पडद्यावर तपासणी मांडून बसली. यात न समजण्यासारखं काही नाई. कोणती फाईल कोणत्या फोल्डरात आहे याची मशीनपाशी यादी असते, अन् डिस्कवर खरोखरचा माल असतो. लाइट झटक्यात गेली की दोघांचा मेळ बसत नाई. मंग मशीन एकेक ठिकाण धरून विचारते, इथं घोळ आहे, दुरुस्त करू? वाय दाबलं की हो, एन दाबलं की नाई. सगळ्याले एकदम हो म्हणायचीबी सोय असते, पाच मिनिटांचं काम. मी तेच करणार होती, तेवढ्यात बाबा मागून आले अन् त्यायनं पडद्यावर प्रश्नचिन्ह पाह्यलं.

बाबाले प्रश्नचिन्ह दिसलं की बैठक लागते. त्यायचं म्हणणं पडलं की मंडळाच्या मालमत्तेबद्दल विचारणा झाली आहे, अन् तिचं उत्तर पगारी माणसानं परस्पर देणं बरोबर नाई. ते कार्यकारिणीच देईन. मी म्हटलं, बाबा, ही मशीन आहे, तहसीलदार नाई. पण ते फोन लावून राहिले होते.

अकरा वाजता कार्यकारिणी जमली. सचिव चंद्रभान इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन आला, उपाध्यक्ष पार्वताबाई आल्या, सदस्य म्हणून मोतीरामकाका अन् जयवंताकाकू. मी पहिला प्रश्न मराठीत करून सांगितला. सूचक मोतीराम, अनुमोदक जयवंताबाई, सर्वानुमते हो. मी वाय दाबलं. मशीननं दुसरा प्रश्न विचारला. सूचक जयवंताबाई, अनुमोदक मोतीराम. मी सांगून पाह्यलं की असे हजारेक प्रश्न निघू शकतात अन् पुस्तक आजच पाच वाजेपर्यंत अमरावतीले प्रेसमध्ये पोचवायचं आहे. चंद्रभान म्हणे, मंग वेळ नको घालवू, वाच लवकर.

सातव्या प्रश्नाले मशीननं सांगितलं की दोन फायली डिस्कवरच्या एकाच जागेवर हक्क सांगून राहिल्या. मी सहज उघडून पाह्यल्या, तर एक पोराची अन् एक पोरीची. जयवंताकाकू एकदम खूश. पोराची उंची किती, शेती किती, सगळं विचारून झालं. पार्वताबाईनं सांगितलं की पोरगी वरूडची आहे अन् तिचा साखरपुडा गेल्या महिन्यातच झाला. मंग वातावरण गंभीर झालं. दोघांले तातडीनं वेगळी जागा द्यावी असा ठराव झाला, अन् झाला प्रकार पोरीच्या सासरी कळवू नये असा उपठराव.

बाराव्या प्रश्नापासून चंद्रभाननं नवीनच खूळ काढलं. मशीन नुसता फाईलचा नंबर सांगते. नंबरावर ठराव कसा मांडायचा, माणसाचं नाव पाहिजे. म्हणून मले दर वेळी दुसऱ्या काळ्या पडद्यावर जाऊन तो नंबर टाकून आतला मजकूर सगळ्याइले दाखवावा लागे. डोकं नुसतं भणभणून राहिलं होतं. असेच चाळीस ठराव झाले.

एक्केचाळिसावी फाईल बेवारस निघाली. डिस्कवर माल आहे, पण कोणत्याच फोल्डरात तिचं नाव नाई. तिले सापडलेल्यांच्या फोल्डरात जोडू का, असं मशीन विचारून राहिली होती. बेवारस म्हटल्यावरच ती कोणती असन हे मी ओळखलं. मी म्हटलं, ही जुनी कचरा फाईल दिसते, एन म्हणून टाका. चंद्रभान म्हणे, उघड.

उघडली. आचल नत्थुजी, उंची पाच फूट तीन इंच, शिक्षण बी.कॉम., स्वभाव शांत. ते सगळं बाबानं लिहिलेलं आहे, शांत बी त्यायनंच.

आता हे सांगायले पाहिजे की चार वर्षांपासून माह्यं पान पुस्तकात छापूनच येत नाई. बाबा दर वर्षी माही फाईल टाकतात अन् दर वर्षी पुस्तकात ती नसते. त्यापायी त्यायनं अमरावतीचा प्रेसवाला सोडला, अकोल्याचा धरला. अकोल्याच्याशी भांडले, बार्शीटाकळीचा धरला. अन् सगळेच सारखे म्हणून यंदा परत अमरावती. अकोल्याच्या प्रेसवाल्याले तर त्यायनं गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, की आमच्याच पोरीचं पान बरं गळते.

चंद्रभाननं फाईलची वेळ वाचली. सोमवार, चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी मशीनवर कोण होतं हे विचारायची गरजच नव्हती. खोडता खोडता लाइट गेली, यादीतून नाव उडालं अन् माल तसाच राहिला. खोटं बोलावं असं एक घडी वाटलं, पण मी चाळीस ठराव ऐकून चिडलेली होती.

"मीच खोडते," मी म्हटलं. "चार वर्षं झाली. प्रेसवाल्यायचा काही दोष नाई."

बाबा म्हणे, काहून?

वाय म्हटलं की ती फाईल जोडल्या जाईन, पुस्तकात येईन अन् मले परत मेळाव्याच्या स्टेजवर उभं राहा लागीन, हे मले दिसून राहिलं होतं. म्हणून सांगून टाकलं. मी अठ्ठावीसची असताना त्या स्टेजवर छातीले नंबर लावून उभी होती. एका पोराचा मामा खालून म्हणे, जरा चालून दाखवा. माईक बाबाच्या हाती होता. बाबा माईकवर म्हणे, चाल बेटा. अन् चारशे लोकांसमोर मी चालली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मले राग आला होता, अन् तो अजून गेला नाई," मी म्हटलं. "मामाचा नाई. तुमचा."

चंद्रभाननं हळूच विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का? पार्वताबाई म्हणे, घे, शब्दच्या शब्द घे.

मतदान झालं. चंद्रभान अन् जयवंताकाकू जोडा म्हणे. पार्वताबाई नको म्हणे. मोतीरामकाकाले सकाळपासून खंत होती की चाळीस वेळा सर्वानुमते झालं, मंडळात लोकशाही दिसली पाहिजे, म्हणून त्यायनं विरोध नोंदवला. दोनास दोन. आता निर्णायक मत अध्यक्षाचं.

बाबानं तटस्थ राहता येते का विचारलं. चंद्रभाननं घटनेचं पुस्तक उघडून सांगितलं की बरोबरी झाली तर अध्यक्षानं मत देणं बंधनकारक आहे. ते कलम बाबानंच एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेलं.

बाबानं ते कलम स्वतः वाचून पाह्यलं. मंग म्हणे, "मंडळाकडं आलेली माहिती टाकून देता येत नाई. अध्यक्ष म्हणून मले होच म्हणा लागीन. बाप म्हणून मत द्यायची सोय आहे का?"

चंद्रभाननं खरोखर पानं चाळली. नव्हती.

"मंग माहा राजीनामा लिही."

राजीनाम्याले कारण लागते, चंद्रभान म्हणे. मले हसू येऊन राहिलं होतं अन् रडूबी.

"पोरीले विचारलं नव्हतं," बाबा म्हणे.

"कोणत्या सालची गोष्ट?" चंद्रभाननं विचारलं.

"सगळ्याच सालची."

त्यानं तसंच लिहिलं. पार्वताबाई सूचक झाल्या. अनुमोदक कोणी होईना. एकोणीस वर्षांचा अध्यक्ष, कोण हात वर करीन? अनुमोदनाशिवाय राजीनामा मंजूर होत नाई, म्हणजे बाबा अध्यक्षच राहतात, म्हणजे होच. मी हात वर केला. मी पगारी माणूस, मले त्या बैठकीत बोलायचाबी हक्क नाई. चंद्रभाननं माह्याकडं पाह्यलं, घटनेच्या पुस्तकाकडं पाह्यलं, अन् पुस्तक मिटून लिहिलं: अनुमोदक, आचल.

अध्यक्षच नाई म्हटल्यावर निर्णायक मतबी नाई, दोनास दोनवर ठराव फेटाळल्या गेला. उपाध्यक्ष म्हणून पार्वताबाई अध्यक्षाच्या खुर्चीवर बसल्या अन् मले म्हणे, दाब. मी एन दाबलं.

कार्यकारिणीत नसलेल्या माणसाले बैठकीत बसता येत नाई, म्हणून बाबा उठले. दाराशी चपला घालता घालता म्हणे, मी बाहेर पायरीवर आहे, तुह्यं झालं की सोबतच घरी जाऊ. मी म्हटलं, बाबा, अजून हजार प्रश्न असतीन. ते म्हणे, असू दे.

मशीननं बेचाळिसावा प्रश्न विचारला. मले तो वाचताच येईना. पार्वताबाई म्हणे, ठराव राहू दे पोरी, पयले नाक पूस.