नवा टायर बाहेर

मी तापट माणूस. भागोजीवर तर उगाचच ओरडायचो, कारण तो कधी उलटून बोलत नसे. गंगारामशेटच्या लॉरीवर मी ड्रायव्हर आणि तो क्लीनर. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण गाडी मी शिकवली म्हणून मला 'उस्ताद' म्हणायचा.

त्या लॉरीच्या मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन टायर. जांभ्याच्या रस्त्यावर ते सारखे झिजत नाहीत, म्हणून मधूनमधून आतला बाहेर, पुढचा मागे अशी अदलाबदल करावी लागे. हे काम भागोजीचं. तो प्रत्येक टायरभोवती सुंभाची दोरी गुंडाळून घेर मोजी आणि सारख्या घेराचे दोन एका जोडीत लावी.

"एक उंच नि एक बुटका लावला तर सगला भार उंचावर येतो, उस्ताद. बुटका नुसता फिरतो."

"तू शिंपी व्हायचास, चुकून मोटारीवर आलास," मी म्हणायचो. गॅरेजातले सगळे हसत. तोही हसे.

छत्तीस सालच्या आंब्याच्या हंगामात शेटनी दुसरी लॉरी घ्यायचं ठरवलं आणि ती भागोजीला द्यायचं कबूल केलं. आठ वर्षं माझ्या गाडीला हँडल मारणारा माणूस स्वतः चाकामागे बसणार होता. बायकोला हे सांगायला तो संगमेश्वराकडे आपल्या गावी गेला. जाताना म्हणाला, "नवा टायर आलाय तो मी आल्यावर लावू. पुढं लावायचा हाय, मागं नको."

"मला नको शिकवूस," मी म्हणालो.

तो गेला आणि मला चेव आला. पुढची चाकं उतरवायचा कंटाळा, त्यात नवाकोरा टायर चारचौघांना दिसावा ही हौस. मागच्या डाव्या बाजूचा बाहेरचा टायर काढून तिथं नवा लावला. आत झिजलेला होता तसाच ठेवला. दोरी खुंटीवर लटकत होती, पण तिला हात लावायला मला कमीपणा वाटला.

भागोजी परतला तेव्हा आंब्याच्या पेट्या भरून लॉरी कोल्हापूरला निघायच्या बेतात होती. नवा टायर बघून तो थांबला.

"मोजलात काय, उस्ताद?"

"मोजला. चल, बस."

आंबा घाटात नवाच टायर फुटला. आतल्या झिजलेल्याला एकट्याला तेवढा भार कुठला पेलतोय, तोही गेला. लॉरी कलंडली. आम्ही खरचटण्यावर सुटलो, पण पेट्या दरीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेट आले. "जोडी कोणी लावली?" त्यांनी विचारलं आणि बघितलं भागोजीकडे. भागोजीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मी बोलेन म्हणून. मी लावली, शेट. तीन शब्दांचं काम. पण भोवती सगळं गॅरेज गोळा झालेलं, आणि मी त्यांचा उस्ताद. मी खाली बघत राहिलो.

"चुकी झाली," शेवटी भागोजी म्हणाला. कुणाची ते त्यानं सांगितलं नाही.

त्याची नवी लॉरी गेली आणि जुनी नोकरीही गेली. रत्नागिरीत दुसरा कुणी मालक त्याला उभा करीना. पावसाच्या आत शेवटच्या बोटीनं तो मुंबईला गेला आणि गोदीत गोणी वाहू लागला. मी बंदरावरही गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

दिवाळीनंतर मात्र राहवेना. त्याच्या बायकोला तरी खरं सांगून टाकावं म्हणून त्याच्या गावी गेलो. सगुणावहिनीनं पाट मांडला, गूळपाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तुमचे उपकार हायत, दादा. शेट ह्यांना पोलिसात द्यायला निघालेवते, उस्तादांनी हात जोडल्यानी म्हणून सुटलो, असा सांगितलानी ह्यांनी."

माझ्या हातातला गूळ हातातच राहिला. भागोजीनं घरातसुद्धा माझी अब्रू राखली होती.

"गोणी वाहून कंबर गेलीय त्यांची," ती म्हणाली. "आणखी एकदा शेटजवल बोलाल काय? तुमचा ऐकतील."

"बोलतो," मी म्हणालो.

त्यानंतर पावणेदोन वर्षं शेट हयात होते. रोज सकाळी मी त्यांच्या हातून किल्ली घेत होतो. रोज वाटायचं, आज सांगू. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती मला झाली नाही. गेल्या श्रावणात शेट वारले.

त्यांचं तेरावं झालं आणि चार दिवसांनी सगुणावहिनीच्या गावचा एक माणूस तिचा निरोप घेऊन आला. 'तुम्ही दोनदा शब्द टाकलात, दादा. शेटनी ऐकला नाही, त्याला तुम्ही काय करणार? मनाला लावून घेऊ नका.'

मी त्या माणसाला चहा पाजला आणि "बरं" म्हणालो.