सतीशने सांगितलेली गाठ

सतीशला शब्द सापडला नाही, इथून सगळं सुरू झालं. एसीच्या कंपनीतला इंजिनियर, दिवसभर साइटवर चार भाषांत हुकूम सोडणारा. पण देवरुखला आईला फोन लावून बायकोचं कसलं ऑपरेशन झालं हे सांगायची वेळ आली आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. इम्प्लांट म्हटलं तर आई विचारणार, ते काय असतं? आणि ते काय असतं हे मुलाने आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? फोनकार्ड संपत आलं होतं. तपासताना डॉक्टरीणबाईंनी लम्प असा एक शब्द वापरला होता, तोच त्याला तेवढ्यात आठवला. “छातीत गाठ होती गं विनिताच्या. काढली,” तो म्हणाला, आणि लाइन कटली.

देवरुखच्या बाईला एवढंच सांगून फोन बंद झाला की पुढे काय होणार, हे त्याला कळायला हवं होतं. त्याची सख्खी मावशी, सगुणा, छातीतल्या गाठीनेच गेली होती. त्याने दुसरं कार्ड आणून पुन्हा फोन लावला तोवर आईची, म्हणजे नर्मदाबाईंची, बॅग माळ्यावरून खाली आली होती. पासपोर्ट जुन्या फेरीचा होताच. जूनच्या शेवटी शारजातला जो तो खोके बांधून भारतात पळत असतो. अल नहदातली त्यांची बिल्डिंग निम्मी रिकामी झाली होती. त्या दिवसांत नर्मदाबाई भर उन्हाळ्यात उलट्या दिशेने आल्या.

आल्यावर त्या रडल्या नाहीत. विनिताकडे नीट बघून घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला, मग बॅगेतून जुन्या लुगड्याची मऊ पट्टी काढली आणि तिचा उजवा हात छातीशी बांधून टाकला. त्या बाजूचा हात हलवला की गाठीची मुळं पसरतात, असं त्यांनी सांगितलं. सगुणाने ऐकलं नव्हतं. दवाखान्यातून आली आणि घागर उचलली.

विनिता तेव्हाच बोलली असती. पण सासूच्या पाठीमागे सतीश उभा होता आणि मान हलवून नको नको म्हणत होता. पस्तिशी ओलांडलेला माणूस, पण आईसमोर त्याचा चेहरा शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरासारखा झाला होता. तिने तोंड मिटलं.

खरं काय होतं ते सांगून टाकलेलं बरं. नवऱ्याने भरीला घातलं असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. अस्मी दोन वर्षांची झाली, अंगावरचं दूध सुटलं, आणि आरशात जे दिसलं ते विनिताला आवडलं नाही. एवढंच. साल होतं पंच्याण्णव. तिने दुबईत एका खासगी क्लिनिकमध्ये दोन्हीकडे सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या आणि देवरुखला कळवलं की अपेंडिक्स काढलं. पुढची तीन-चार वर्षं ती खूश होती. आपल्याला हवं ते आपण केलं याचा तिला अभिमानही होता, आणि का नसावा?

मग उजवीकडची बाजू कडक होत गेली. त्या बाजूचा हात उचलला की आतून ओढ लागायची, म्हणून ती हात अंगाशी धरून वावरायला लागली. सकाळी बोटं सुजलेली. जिना चढला तरी दम. शाळेत ती हिंदी शिकवायची. फळ्यावर वरची ओळ लिहिणं तिने सोडून दिलं, मुलांना वाटायचं बाईंना खालीच लिहायला आवडतं. संधिवात म्हणून गोळ्या झाल्या. शेवटी स्कॅनमध्ये दिसलं, एक पिशवी आत फाटली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पिशव्या, भोवतीच्या कडक आवरणासकट, काढून टाकल्या. बोटांचं आणि थकव्याचं दुखणं यानेच जाईल का, हे मात्र त्या छातीठोकपणे सांगेनात. या बाबतीत हा शब्द वापरू नये, पण दुसरा सुचत नाही.

आणि मजा बघा, तिला बरं वाटायला लागलं. एका सकाळी तिने मूठ वळली आणि ती पूर्ण वळली. भूक लागली. गाढ झोप लागली. सपाट, टाके पडलेली छाती आरशात पाहून ती एकदा पोटभर रडली, पण ते रडणं संपल्यावर तिला चहा प्यावासा वाटला. आता हा आनंद ठेवायचा कुठे? घरात सासू पाय न वाजवता चालत होती, हळद घातलेलं दूध चमच्याने पाजत होती. विनिता बरी होत होती आणि तिला आजाऱ्यासारखं पडून राहावं लागत होतं.

खांदा मात्र बरा होत नव्हता. तो हलल्याशिवाय बरा होणार नव्हता आणि त्याला कुणी हलू देत नव्हतं.

अल कुसैसला ताजबी नावाची फिजिओथेरपिस्ट होती, मिरजेची, मराठी कळणारी पण हिंदीत बोलणारी. नर्मदाबाईंना डॉक्टरची भेट म्हणून सांगून सतीश विनिताला तिच्याकडे न्यायचा. ताजबीने भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचा व्यायाम दिला होता, रोज, दुखेपर्यंत. पुढच्या खेपेला तिने विनिताचा हात धरून वर न्यायचा प्रयत्न केला. हात खांद्याच्या खालीच अडला. दंडावर पट्टीचा वळ होता. तो पाहून तिने विचारलं, हे कुणी बांधलं?

विनिताने डाव्या हाताने बाही खाली ओढली.

“देखो, कंधा जम रहा है,” ताजबी म्हणाली. “स्कूल खुलने तक हाथ कान के पास नहीं आया, तो डॉक्टर बेहोश करके खींचेंगे. और फिर भी पूरा आएगा, ये मैं नहीं बोल सकती.”

शाळा सप्टेंबरात उघडत होती. परत येताना गाडीत विनिता एवढंच म्हणाली की आईंना सांगून टाकू. सतीशने एसी वाढवला. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, आईचा व्हिसा संपत आलाय, ती जाईल, मग खलास, दिवसभर व्यायाम कर. तोवर बाथरूममध्ये कर.

म्हणून ती बाथरूममध्ये करू लागली. पट्टीची गाठ डाव्या हाताने सोडायची, नळ सोडायचा आणि टाइल्सवरून बोटं वर सरकवायची. दुखलं की टॉवेल चावायचा. एक टाइल, मग तिच्यावरची अर्धी. एके दिवशी आतून कण्हल्याचा आवाज गेला असावा. कडी नीट लागलेली नव्हती. दार उघडलं तेव्हा तिचा हात भिंतीवर होता आणि तोंडात टॉवेल.

नर्मदाबाई ओरडल्या नाहीत. त्या उंबऱ्याशीच बसल्या आणि म्हणाल्या, “तुला त्या पोरीची तरी दया येऊ दे गो.” मग उठून त्यांनी पट्टी पुन्हा बांधली. या वेळी गाठ पाठीमागे मारली, जिथे विनिताचा डावा हात पोचत नव्हता.

दोन दिवसांनी सतीशने आपल्या परीने तोडगा काढला. रिपोर्ट एकदम क्लियर आलाय, असं त्याने जेवताना जाहीर केलं. तो हसलाही. नर्मदाबाईंनी त्याला आमटी वाढली आणि शांतपणे सांगितलं की सगुणाचा रिपोर्टही चांगलाच आला होता. सहा महिन्यांत ती गेली. वर्ष निघेपर्यंत हात जपायचा. आणि विनिताची शाळेतली नोकरी सुटली तरी चालेल, पण सतीशने आईचा व्हिसा वाढवून आणावा. सतीशचा घास हातातच राहिला. विनिताने त्याच्याकडे पाहिलं. तो मान वर करीना.

त्या दुपारी अस्मी आईच्या खोलीत आली. आठ वर्षांची पोर, कळायचं सगळं मराठी, बोलायची इंग्लिश. पलंगाच्या कडेला बसून ती बराच वेळ विनिताच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली.

“आजी डझन्ट ईट राइस,” ती म्हणाली. “शी प्रॉमिस्ड गॉड. वन होल इयर, सो यू डोन्ट डाय.” मग जरा थांबून, “आर यू डाइंग, आई?”

विनिताने नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. पण पोरीच्या चेहऱ्यावर विश्वास बसल्याचं चिन्ह दिसेना. तिने आजीला रोज पाहिलं होतं, आणि आजी खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं.

नर्मदाबाई भात खात नव्हत्या, हे विनिताच्या लक्षात कसं आलं नाही? त्या सगळ्यांना वाढून स्वयंपाकघरात जेवायच्या. कोकणातली बाई, जन्मात भाताशिवाय उठली नसेल. भाकरीसुद्धा त्या वरून भात घेण्यासाठीच खायच्या. आणि त्यांना साखरेचं दुखणं होतं. गोळी ठरल्या वेळेला घेत होत्या आणि पोटात मात्र अर्धी चपाती. विनिताला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती उठून थेट स्वयंपाकघरात गेली, जाब विचारायला की माफी मागायला, हे तिचं तिलाही ठरलेलं नव्हतं.

नर्मदाबाई गॅसशी उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांचे डोळे भलतीकडेच गेले. कपाळावर घाम डवरला. विनिता धावली. तिला दोन्ही हातांनी धरायचं होतं. उजवा पट्टीतच ओढला गेला, आत कळ उठली, आणि एकट्या डाव्या हातातून सासूबाई निसटून खाली फरशीवर बसल्या. डोकं कपाटावर आपटलं नाही, ते नशीब. एका हाताने तिने गॅस बंद केला, त्याच हाताने साखरेचं पाणी केलं, अर्धं सांडलं. मागोमाग आलेल्या अस्मीने ग्लास धरला. घोटाघोटाने ते पोटात गेल्यावर नर्मदाबाईंच्या नजरेत ओळख आली.

विनिताने अस्मीला हॉलमध्ये पाठवलं आणि स्वतः फरशीवर त्यांच्यासमोर बसली.

“आई, मला गाठ नव्हती.”

नर्मदाबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या की काढली म्हणजे आता नाहीच, पण जपायचं तर असतं.

“नव्हतीच. कधीच नव्हती.” शब्द तिलाही सापडत नव्हते, तिला सतीशची थोडी कीव आली. “मी छातीत पिशव्या बसवून घेतल्या होत्या. दोन्हीकडे. भरल्यासारखं दिसावं म्हणून. त्यातली एक फाटली, त्या काढल्या. मी मरत नाहीये. मला बरं वाटतंय, आई. रोज जास्त बरं वाटतंय.”

नर्मदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“कधी बसवल्यास?”

“पंच्याण्णव साली.”

“म्हणजे अपेंडिक्स.”

विनिताने मान हलवली. नर्मदाबाईंनी तेव्हा अपेंडिक्ससाठी मार्लेश्वरला अभिषेक केला होता. आठवण दोघींनाही एकदमच झाली असावी.

“सतीशला ठाऊक होतं?”

“होतं.”

आता संताप यायला हवा होता आणि तो आला. विनिताने अंग चोरून घेतलं. हौस, नखरे, पैशाचा माज, जे काही बाहेर पडेल ते ऐकून घ्यायचं तिने ठरवलं होतं. त्यातलं काही आलं नाही.

“मी देवासमोर तुझं नाव घेतलं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “म्हटलं, सगुणाच्या वेळी मी पोचले नाही, या वेळी पोचले आहे, हिला सोड. रोज म्हणत होते. आता त्याला काय सांगू? गाठ नव्हती, उगाच तुला त्रास दिला?”

विनिता रडायला लागली. फोनवर कुणी काय सांगितलं, कुणी कुणाला मान हलवली, हे सगळं सांगून तिला सुटता आलं असतं; तिने सतीशचं नाव काढलं नाही. फक्त शाळेबद्दल आणि खांद्याबद्दल सांगितलं. हात असाच राहिला तर बेशुद्ध करून ओढणार, आणि तरीही वर जाईलच असं नाही.

“कोण म्हणालं?”

“ताजबी. व्यायाम देते ती.”

“आणि तू ते संडासात लपून करत होतीस. आणि मी बांधून ठेवत होते.”

एवढं बोलून नर्मदाबाई कपाटाला धरून उठल्या. विनिता आधार द्यायला गेली तर त्यांनी तिचा हात झिडकारला. त्या तिच्या पाठीमागे गेल्या आणि पट्टीची गाठ सोडू लागल्या. ओल्या घामाने ती आवळली होती, नखांना दाद देईना. शेवटी त्यांनी दातांनी ओढून ती सोडली. सतीशशी त्या पुढे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत, विनिताशीही कामापुरतंच. माफ केलं असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. पण तो नंतरचा भाग.

त्या घडीला त्यांनी तिला खांद्याला धरून फ्रिजच्या बाजूच्या मोकळ्या भिंतीसमोर उभं केलं.

“कसा करायचा असतो, दाखव.”

विनिताने भिंतीवर बोटं टेकवली आणि वर सरकवायला सुरुवात केली. छातीपर्यंत गेली. खांद्याच्या जवळ गेली. तिथे नेहमीची जागा आली, जिथून ती रोज परत फिरायची, आणि बोटं थांबली. कोपराखाली नर्मदाबाईंचा हात आला. मागे हटणारा नव्हता. तो वर रेटायला लागला. काखेत काहीतरी ताणलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, विनिता मोठ्याने कळवळली. लपवायला आता नळ नव्हता की टॉवेल नव्हता. हॉलमधून अस्मी धावत आली आणि दारातच उभी राहिली.

“दुखतंय, आई. खूप दुखतंय.”

“रड,” नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. “हवं तेवढं रड. पण हात खाली आणू नकोस.”