एका कानाचं काम

"एका कानानं काय ऐकतीस गं?" मुक्ताबाईंनी दारातूनच विचारलं. हातात चहाचा कप. "दुसरा काय देवाला सोडलास?"

"दुसरा भैरूला, आई," श्यामला सासूबाईंना म्हणाली.

हेडफोनची उजवी वाटी तिच्या कानावर होती आणि डावी कानामागे सरकवलेली. खुर्चीपासून हात पोचेल इतक्या अंतरावर तिचा मुलगा भैरू गोधडीवर झोपला होता. कागदोपत्री भैरव, पण आजीनं गावच्या भैरोबाच्या नावानं भैरू म्हटलं आणि तेच राहिलं.

मुक्ताबाईंनी कप टेबलावर ठेवला. "मी बसते की त्याच्यापाशी. तू नीट दोन कानांनी कर काम."

"नको आई, होतंय माझं."

मुक्ताबाई पदर खोचत बाहेर गेल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

हडपसरमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले काही आठवडे एक जर्मन माणूस गिटार वाजवत होता. लोटार ब्रेंके त्याचं नाव. ऐन पंचविशीत त्यानं कोलोनच्या कुठल्याशा स्टुडिओत जॅझच्या टेप भरल्या होत्या. त्या गोष्टीला आता साठ वर्षं होत आली. त्या टेप नव्यानं निघणार होत्या, आणि त्यांच्यावर साठलेली खरखर, टिकटिक, विजेची गुणगुण काढायचं काम फिरत फिरत सदाशिव पेठेत रियाजभाईंच्या स्टुडिओत येऊन पडलं होतं. लग्नाआधी श्यामला त्यांच्याकडेच कामाला होती. बाळंतपणानंतर कोणी आपल्याला विचारील ही आशा तिनं सोडली होती, तेव्हा रियाजभाईंचा फोन आला होता. त्या दिवशी तिनं कारण नसताना केस धुतले होते.

काम मोठं नाजूक. खरखर जावी, पण माणूस जाऊ नये. ब्रेंके प्रत्येक तुकड्याआधी नाकानं श्वास घ्यायचा. तारेवरून बोट सरकलं की चिमणीच्या पिलासारखं काहीतरी वाजायचं. कॉम्प्युटरला हेही कचऱ्यातच काढायचं असायचं. श्यामला ते एकेक करून वाचवत होती. उजव्या कानानं त्या परक्या माणसाचा श्वास जपायचा आणि डाव्या कानानं पोटच्या पोराचा.

हे जमत होतं, कारण या सुरुवातीच्या टेप मोनो होत्या. सगळे वाजवणारे एका माइकभोवती बसलेले. दोन्ही कानांत तेच. मग एक कान पुरे.

भैरू आठ महिन्यांचा असताना ताप चढून त्याला आकडी आली होती. तेव्हा तो आजीजवळ बाहेर होता आणि श्यामला स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. मिक्सरच्या घरघरीत मुक्ताबाईंच्या हाका बुडून गेल्या. बटण बंद केल्यावर तिला जी ऐकू आली, ती त्यांची कितवी हाक होती कोण जाणे. काही मुलांना तापात अशी आकडी येते, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. घाबरू नका म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? तेव्हापासून घरात चटणी झाली नव्हती. श्यामला आंघोळसुद्धा दाराला फट ठेवून करायची.

दुपारी रियाजभाईंचा फोन आला.

"अगं, जर्मनांनी 'ठीक आहे' असं लिहिलंय. जर्मन माणूस ठीक म्हणाला की पेढे वाटायचे."

श्यामला हसली. "मग वाटा ना."

"थांब जरा. पुढच्या टेप पाठवतोय. तोवर गडी नावारूपाला आला होता, त्यामुळे स्टिरिओ आहेत. गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे. दोन्ही कान लावावे लागतील. हे नीट झालं तर त्यांच्याकडे अजून कपाटभर माल आहे. तुला घरबसल्या वर्षभर पुरेल. जमत नसेल तर आत्ताच सांग, दुसऱ्या कोणाला तरी देतो. राग नाही."

श्यामलानं गोधडीकडे पाहिलं. "जमेल," ती म्हणाली.

आणि तिनं युक्ती काढली. आधी नुसती डावी बाजू ऐकली आणि साफ केली. मग नुसती उजवी. कान मात्र दोन्ही वेळा एकच. दोन दिवस खपून तिनं ते पाठवलं, आणि तासाभरातच फोन वाजला.

"श्यामला, ड्रमवाला हडपसरच्या गाडीतळावर उभा आहे आणि गिटारवाला पार तिकडे मंडईत. एका खोलीत बसून वाजवलंय गं त्यांनी. एकमेकांकडे बघून. तू त्यांची ओळखसुद्धा करून दिली नाहीस."

"परत करते, रियाजभाई."

"उद्या संध्याकाळपर्यंत दे. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

फोन ठेवून ती बसून राहिली. दारात मुक्ताबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, तिला कळलं नव्हतं.

"जातंय का काम?"

"जाईल बहुतेक. दोन्ही कान झाकून बसावं लागतं, आई. मला ते जमत नाही."

"मी हाय की घरात."

"तुम्ही आहात हो. पण..."

"बोल की. म्हातारीच्या हातात पोराला आकडी आली. आता तिच्यावर कसा भरवसा ठेवायचा, हेच ना? माझ्या मांडीवर पोरगं असलं तरी तुझा एक कान दाराशीच असतोय. कळत न्हाय व्हय मला?"

श्यामला उठलीच. "अहो, तुमच्यावर नाही. भरवसा नाही तो माझ्यावर. तुम्ही एवढ्या हाका मारल्या आणि मला ऐकूच आल्या नाहीत. मी चटणी वाटत बसले होते."

इतके दिवस दोघी एकाच घरात एकाच गोष्टीला भीत होत्या, आणि दोघींनी ती वेगवेगळी करून ठेवली होती. मुक्ताबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"तू आलीस तवा तो काय करत हुता, सांग."

"रडत होता."

"मग? आकडी सरली हुती. त्याला कुशीवर मी केला. तोंड पुसलं, गळ्याची गुंडी सोडली, थरथर थांबस्तोर धरून बसले. तुझ्या नवऱ्याला, श्रीधरला बी लहानपणी यायची. तवा घरात मी एकटीच असायची. तू लगेच न्हाय आलीस, पर पोरगं काय वाऱ्यावर न्हवतं."

श्यामलाला ते सगळं माहीत होतं. डॉक्टरांसमोर तिनं स्वतःच ते सांगितलं होतं. पण आजवर तिनं त्यात मिक्सरची घरघर सोडून दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

"हाका कशाला मारत होतात मग?" तिनं हळूच विचारलं.

"भ्याले हुते गं मी," मुक्ताबाई म्हणाल्या. "भ्यालं म्हणून हात थांबत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरूचं खाणं आटोपलं, तशा मुक्ताबाई त्याला घेऊन बाहेर गेल्या. श्यामला खुर्चीत बसली. उजवी वाटी कानावर ठेवली. थोडा वेळ तशीच बसली, आणि मग डावीही ठेवली.

घर बंद झालं. टीव्ही गेला, पंखा गेला, खालच्या रिक्षा गेल्या. मग ड्रमवर ब्रश फिरला, थोडा डावीकडे. उजवीकडून गिटार आली, आणि दोघांच्या मधली जागा तिला पहिल्यांदाच ऐकू आली. बऱ्यापैकी मोठी खोली असावी. लाकडी जमिनीची. कोणीतरी पायानं ताल धरला होता.

तिनं मान वर केली. उघड्या दारातून बाहेरचा सोफा दिसत होता. सोफ्यावर भैरूचा चेहरा वाकडा झालेला, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. तो रडत होता आणि तिला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तिचा हात हेडफोनकडे गेला. ती अर्धी उठलीही.

मुक्ताबाईंनी त्याला उचलून खांद्यावर टाकलं. पाठीवर थोपटत त्या एक फेरी मारून आल्या. काहीतरी बोलत होत्या. ओठ हलताना दिसत होते. भैरूनं त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. मग मुठीत त्यांचं मंगळसूत्र धरलं आणि ओढून बघितलं.

कानात ब्रेंकेनं नाकानं श्वास घेतला. श्यामला खाली बसली. कॉम्प्युटरनं कचरा समजून त्या श्वासावर लाल खूण केली होती. तिनं ती पुसून टाकली.

फेऱ्या मारता मारता मुक्ताबाई दारापाशी आल्या. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन्ही हात नातवात गुंतलेले होते, म्हणून पायानंच त्यांनी दार लोटून घेतलं.